श्रवणफेरी : उघड्या कानांची की बंद कानांची?

गेल्या महिन्यात हेंद्रेपाड्यातील आमच्या लहानशा अभ्यासमंडळाच्या बैठकीत काही तरुण साथींनी एक सूचना मांडली. बदलापूर पश्चिमेच्या वस्तीतून उल्हास नदीच्या दिशेने जाणाऱ्या रस्त्यासाठी एक ‘ध्वनिभ्रमंती’ तयार करावी, अशी ती सूचना होती. फेरीत भाग घेणाऱ्याने आपल्या स्मार्टफोनवर एक अ‍ॅप उतरवून घ्यायचे, कानांना हेडफोन लावायचे आणि चालू लागायचे. तो ज्या ठिकाणी पोहोचेल त्या ठिकाणासाठी आधीच योजून ठेवलेले संगीत त्याच्या कानात आपोआप सुरू होते. वळण घेतले की सूर बदलतात, तो थांबला की तोच सूर रेंगाळतो. सूचना मांडणाऱ्यांचा युक्तिवाद असा, की आपले सांस्कृतिक कार्य कलापथक आणि व्याख्यानमाला यांच्या पलीकडे गेलेले नाही, तरुण सभांना येत नाहीत, तेव्हा त्यांच्या हाती जे साधन आहे त्याच्याच द्वारा आपण त्यांच्यापर्यंत पोहोचले पाहिजे. हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. तरीही मी बैठकीत या सूचनेला विरोध केला. तो विरोध का, हे आमच्या मंडळापुरते न ठेवता सर्वांच्या विचारासाठी मांडावे असे वाटल्यामुळे हा लेख लिहीत आहे.

विरोध करताच एका तरुण कार्यकर्तीने मला अडवले. “सर, एकदा अनुभव तरी घ्या, मग बोला,” असे ती म्हणाली. आक्षेप रास्त होता. तिने अर्ध्या किलोमीटरचा एक नमुना तयार केला होता. एका संध्याकाळी तिच्याच हेडफोनवर तो ऐकत मी नदीच्या दिशेने निघालो. संगीत सुंदर होते, हे आधीच मान्य करतो. ज्या रस्त्याने मी इतकी वर्षे कापडी पिशवी घेऊन जातो, तो रस्ता एखाद्या चित्रपटातील असावा तसा भासू लागला. उघडे गटार, अर्धवट खोदलेला खड्डा, दुचाकींची रांग हे सारे सारंगीच्या सुरात जणू विरघळून गेले. परत आलो तेव्हा कोपऱ्यावरच्या भाजीवाल्या मावशी रुसलेल्या. “सर, तीन हाका मारल्या. रागावलात की काय? गेल्या वेळचे सुटे पैसे द्यायचे होते.” मला एकही हाक ऐकू आली नव्हती. मागून आलेल्या रिक्षाचा हॉर्नही नाही. रिक्षावाल्याने शेवटी माझ्या अंगाला घासूनच वाट काढली होती.

प्रसंग क्षुल्लक आहे, आणि एखाद्याच्या विसराळूपणावर सिद्धांत उभारू नये हे मी वर्गात आयुष्यभर सांगत आलो. परंतु येथे दोष विसराळूपणाचा नव्हता. ज्या साधनाचा उद्देशच आजूबाजूचा आवाज झाकून त्या जागी दुसरा आवाज बसविणे हा आहे, ते साधन आपले काम चोख बजावत होते. झाकला गेलेला आवाज कोणाचा, हा प्रश्न समाजवाद्याने विचारलाच पाहिजे.

हे तंत्र अगदी कालचे नाही. २०११ साली अमेरिकेतील ‘ब्लूब्रेन’ या दोन भावांच्या संगीतगटाने वॉशिंग्टनच्या ‘नॅशनल मॉल’ या विस्तीर्ण मैदानासाठी अशी संगीतरचना अ‍ॅपच्या रूपाने प्रसिद्ध केली. ती त्याच मैदानात फिरताना ऐकावी अशी योजना होती. २०२० च्या सप्टेंबरात, महासाथीमुळे सभागृहे बंद असताना, एलन रीड या संगीतरचनाकार स्त्रीने न्यूयॉर्क फिलहार्मोनिकच्या वादकांच्या साहाय्याने तेथील सेंट्रल पार्कसाठी अशीच श्रवणयात्रा सिद्ध केली आणि ती लोकांना विनामूल्य दिली. घरात कोंडलेल्या माणसांना संगीताच्या ओढीने मोकळ्या हवेत आणणारे ते काम मोलाचे होते. मात्र त्या काळी माणसांनी एकमेकांपासून दूर राहणे हीच समाजाची गरज होती. आपत्कालातील तडजोड शांततेच्या काळाचा आदर्श म्हणून स्वीकारायची काय, हा स्वतंत्र प्रश्न आहे.

या कल्पनेचे मूळ शोधू गेल्यास मोठी मौज आढळते. ध्वनिभ्रमंती हा शब्दप्रयोग रूढ झाला तो कॅनडातील व्हँकुव्हर शहराजवळच्या सायमन फ्रेझर विद्यापीठात. संगीतकार आर. मरे शेफर आणि त्यांचे तरुण सहकारी तेथे एका साध्या प्रश्नावर काम करीत होते : शहरात आवाज कोण करतो आणि तो कोणाला सोसावा लागतो? शेफर यांनी १९७० मध्ये गोंगाटावर एक पुस्तिका लिहिली. १९७३ मध्ये या गटाने व्हँकुव्हर शहराचे ध्वनिचित्र प्रसिद्ध केले. कॅनडातील शहरांचे गोंगाटविषयक उपविधीही त्यांनी गोळा करून तपासले. या गटातील हिल्डेगार्ड वेस्टरकॅम्प यांनी १९७४ मध्ये ध्वनिभ्रमंतीवर निबंध लिहिला. त्याचा गाभा एवढाच, की घराबाहेर पडा, चाला आणि भोवताल ऐका. पुढे त्यांनी व्हँकुव्हरच्या सहकारी रेडिओवर याच नावाचा कार्यक्रमही केला. म्हणजे मूळची ध्वनिभ्रमंती ही कान उघडण्याची कवायत होती, आणि तिच्या मुळाशी नागरी चळवळ होती. पन्नास वर्षांत तीच भ्रमंती बहुतेक ठिकाणी कानांवर झाकण ठेवून निघू लागली आहे. नाव तेच राहिले, आशय उलटला. बाजारव्यवस्थेत असे अनेक शब्दांचे झाले आहे. ‘सहकार’ या शब्दाचे आपल्याच राज्यात काय झाले ते वाचकांना सांगावयास नको.

आता अर्थशास्त्राच्या अंगाने पाहू. स्वच्छ हवा किंवा रस्त्यावरचा दिवा हे सार्वजनिक हित आहे. एकाला मिळाले की शेजाऱ्यालाही मिळते. गोंगाट हा त्याच न्यायाने सार्वजनिक अपाय आहे. तो सोसायचा तर सर्वांना सोसावा लागतो. असा अपाय दूर करण्याचे मार्ग दोनच. एक सामूहिक : नियम करावा, तो पाळावयास लावावा, रस्ते आणि वाहतूक यांची रचना बदलावी. दुसरा खासगी : ज्याला परवडेल त्याने आपल्यापुरते कवच विकत घ्यावे. नळाला शुद्ध पाणी येत नाही म्हणून ऐपतीच्या घरी शुद्धीकरण यंत्र बसते, वीज जाते म्हणून इन्व्हर्टर येतो, शाळेत शिकवत नाहीत म्हणून शिकवणी लागते. प्रत्येक वेळी कुटुंबाचा निर्णय शहाणपणाचाच असतो. परंतु अशा शहाणपणाची बेरीज केली की नळ, वीज आणि शाळा यांच्यासाठी ओरडणारी माणसे कमी झालेली आढळतात, आणि जी उरतात त्यांचे कोणी ऐकत नाही.

अल्बर्ट हर्शमन या अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली ‘एक्झिट, व्हॉइस अँड लॉयल्टी’ या ग्रंथात हीच गोष्ट नायजेरियाच्या रेल्वेच्या उदाहरणाने समजावून दिली. रेल्वेचा कारभार बिघडला तेव्हा ज्यांना मालमोटारींचा पर्याय होता ते निघून गेले. तेच सर्वांत जागरूक आणि बोलके ग्राहक होते. ते गेल्यावर रेल्वेला सुधारण्याची निकड उरली नाही. सोडून जाणे सोपे झाले की बोलणे थांबते. बदलापूरच्या चाकरमान्याला कल्याण-कर्जत मार्गावरील लोकल सोडून जाण्याची सोय नाही, म्हणून तो फलाटावर उभा राहून बोलतो, प्रसंगी ओरडतो. हेडफोन ही रस्ता न सोडता रस्त्यातून निघून जाण्याची युक्ती आहे. देह खड्डे चुकवीत चालतो आणि नागरिक मात्र त्या जागेतून केव्हाच पसार झालेला असतो. नळाच्या बाबतीत जे बाटलीबंद पाण्याने केले, तेच रस्त्याच्या बाबतीत या बाटलीबंद सुरांनी होईल, अशी माझी धास्ती आहे.

यावर कोणी म्हणेल, गोंगाटाविरुद्ध सामूहिक उपाय आहे कोठे? तो कागदावर आहे आणि पुरेसा स्पष्ट आहे. पर्यावरण संरक्षण कायद्याखालील २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा घातली. रुग्णालये, शाळा व न्यायालये यांच्या भोवतीचा १०० मीटरचा परिसर शांतता क्षेत्र मानण्याची तरतूद केली. रात्री १० ते सकाळी ६ या वेळात ध्वनिवर्धकाला मनाई केली; सणासुदीसाठी वर्षातून फार तर १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत देण्याचा अधिकार राज्याला ठेवला. मर्यादेपेक्षा १० डेसिबलने आवाज चढला तर कोणाही नागरिकाला तक्रार करता येते. डेसिबलची मोजपट्टी गुणाकाराने चढते, त्यामुळे हे १० डेसिबल म्हणजे दहापट ध्वनिऊर्जा, हे ध्यानात घ्यावे. २००५ च्या जुलैमध्ये सर्वोच्च न्यायालयानेही या नियमांच्या पालनासाठी सविस्तर आदेश दिले. हेंद्रेपाड्यातील किती घरांना यातील एक तरी आकडा ठाऊक आहे? आणि आपण, जे स्वतःस लोकशिक्षणाचे कार्यकर्ते म्हणवतो, त्यांनी तो किती घरी सांगितला?

तुलनेसाठी युरोप पाहावा. युरोपीय संघाच्या २००२ च्या निर्देशानुसार एक लाखाहून अधिक वस्तीच्या प्रत्येक नागरी क्षेत्राचा ध्वनिनकाशा दर पाच वर्षांनी तयार करून लोकांपुढे ठेवावा लागतो. कुळगाव-बदलापूर नगरपालिकेच्या हद्दीत २००१ च्या जनगणनेत ९७,९४८ माणसे होती आणि २०११ च्या जनगणनेत १,७४,२२६. आपले गाव युरोपात असते तर या गणनेच्या आधारे आपल्या प्रत्येक गल्लीचा आवाज मोजून भिंतीवर लावणे हे सरकारचे कर्तव्य ठरले असते. आपण त्या नकाशाची मागणी सोडून, त्या गल्लीवर संगीताचा पडदा टाकण्याची योजना आखीत आहोत.

येथे आत्मपरीक्षणही करावयास हवे. रस्त्यावरील गोंगाटात राजकीय पक्षांचा, जयंत्यांचा, मिरवणुकांचा आणि विजयसभांचा वाटा काही थोडा नाही, आणि आपल्याही सभांचे कर्णे नियम मोडून वाजलेले मी ऐकले आहेत. ज्यांच्या घरात आजारी माणूस आहे किंवा परीक्षेला बसलेले मूल आहे, त्यांच्या खिडकीशी कर्णा बांधून समतेचा संदेश देता येत नाही.

परंतु रस्त्याचा सारा आवाज म्हणजे गोंगाट नव्हे. ध्वनिभ्रमंतीवरील माझा दुसरा आणि अधिक गंभीर आक्षेप येथेच आहे. सकाळी सायकलवरून येणारा पाववाला आपला भोंगा वाजवतो, भंगारवाला आरोळी देतो, कुल्फीवाल्याची घंटा वाजते, बोहारीण दाराशी हाक घालते. दुकानाची पाटी, रोषणाई, वर्तमानपत्रातील जाहिरात यांतले काहीच ज्याला परवडत नाही, त्याचे विक्रीचे भांडवल म्हणजे त्याचा गळा. २०१४ च्या कायद्याने पथविक्रेत्याला रस्त्यावर उभे राहण्याचा हक्क दिला. पण गिऱ्हाइकाच्या कानापर्यंत पोहोचण्याचा हक्क कोणता कायदा देणार? गिऱ्हाइकाने कान बंद केले की जाहिरातीची स्पर्धा अ‍ॅपवरील कंपन्यांनी आपोआप जिंकलीच. अलीकडे भंगारवाला मुद्रित आरोळी कर्ण्यातून वाजवीत फिरतो आणि आपण त्याच्यावर वैतागतो. त्याने आवाज का चढवला, याचे एक कारण आपल्या कानांतही असेल, हे आपल्या मनात येत नाही.

शिवाय हा नदीकाठ आहे. उल्हासला पूर आला की पश्चिमेकडील सखल वस्त्यांत पाणी शिरते, हे २६ जुलै २००५ ला ज्यांनी पाहिले त्यांना सांगावे लागत नाही. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर आणि वांगणी यांच्या दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पुराच्या पाण्यात अडकली आणि सुमारे १,०५० प्रवाशांची सुटका करावी लागली, ती साऱ्या देशाने पाहिली. अशा रात्री माणसाला माणूस वाचवतो तो हाक मारून. शेजाऱ्याची हाक ओळखता येणे, कोणत्या घरात म्हातारी माणसे एकटी आहेत हे ठाऊक असणे, ही वस्तीची खरी सुरक्षाव्यवस्था आहे, आणि ती रोजच्या चालण्याबोलण्यातून, ऐकण्यातून तयार होते. अर्ध्या तासाच्या एका फेरीने ती मोडेल असे मी म्हणत नाही. पण आपला नदीकाठ ओळखण्याची जी रीत आपण तरुणांना शिकवू पाहतो, तीत ही ओळख कोठेच बसत नाही, एवढे मात्र म्हणतो.

“पण ही सेवा फुकट आहे,” असे बैठकीत सांगण्यात आले. फुकट या शब्दाने अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याचे कान टवकारले पाहिजेत. माणूस कोठे उभा आहे हे फोनला कळते ते उपग्रहांमुळे, आणि जीपीएस ही मूळ यंत्रणा अमेरिकन करदात्याच्या पैशाने तेथील संरक्षण खात्याने उभारली. इतरांना मिळणारे स्थानमापन हेतुपुरस्सर अंधुक करण्याची पद्धत अमेरिकेने २००० च्या मे महिन्यात थांबवली, तेव्हा कोठे त्यावर खासगी उद्योगांचा मळा फुलला. आज मोकळ्या आकाशाखाली साधा फोनही सुमारे पाच मीटरच्या आत आपला ठावठिकाणा सांगतो. पाया सार्वजनिक आणि खंड खासगी, हा प्रकार आपल्याला नवा नाही. तो खंड कसा वसूल होतो? २०१६ साली ‘पोकेमॉन गो’ नावाचा असाच स्थाननिष्ठ खेळ आला. जपानमधील मॅकडोनाल्डच्या सुमारे ३,००० उपाहारगृहांना त्या खेळातील ठाणी बनविण्यात आले आणि खेळणाऱ्यांची पावले तिकडे वळविण्यात आली. कंपनीने पैसे मोजले ते माणसांच्या पावलांसाठी. आज नदीकाठी सारंगी वाजते. उद्या कोणत्या दुकानाच्या वळणावर सूर अधिक गोड व्हावा, हे ठरविण्याचा अधिकार कोणाकडे असेल? आपण कोठे थांबलो, किती वेळ थांबलो, कोणाच्या दारी गेलो याची नोंद कोणाच्या दप्तरी पडेल? वैयक्तिक माहितीच्या संरक्षणासाठी २०२३ मध्ये कायदा झाला हे खरे. पण लोकचळवळीच्या कार्यकर्त्यांनी आपल्या साथींच्या हालचालींची नोंद आपण होऊन एखाद्या कंपनीच्या स्वाधीन करावी, यासारखा भाबडेपणा नाही.

आता प्रतिपक्षाची जी बाजू खरोखर बळकट आहे तिच्याकडे वळतो. तिचे मुद्दे दोन.

पहिला मुद्दा अंधांचा. दृष्टिहीन माणसाला “डावीकडे बसथांबा आहे” असे कानात सांगणारे साधन ही चैन नसून गरज आहे. हे सर्वस्वी मान्य. मायक्रोसॉफ्टने २०१८ मध्ये ‘साउंडस्केप’ नावाचे असे अ‍ॅप दिले होते आणि ते भोवतालचा आवाज बंद न करता वापरावे अशीच त्याची घडण होती. २०२३ च्या आरंभी कंपनीने ते मागे घेतले. त्याची संगणकीय संहिता खुली केली म्हणून इतरांना ते पुढे चालवता आले, ही त्यातल्या त्यात समाधानाची गोष्ट. या एका उदाहरणात माझ्या म्हणण्याचे दोन्ही पैलू आले आहेत. तंत्र वाईट नाही, ते कान उघडे ठेवूनही काम करू शकते. आणि मालकी खासगी असेल तर गरजवंताच्या हातची काठी केव्हाही काढून घेतली जाऊ शकते.

दुसरा मुद्दा त्या तरुण कार्यकर्तीनेच मांडला आणि त्याने मी निरुत्तर झालो, हे सांगितले पाहिजे. ती म्हणाली, “सर, तुम्हाला रस्त्यावर भाजीवाल्या मावशींची हाक ऐकू येते. आम्हाला काय ऐकू येते ते तुम्हाला माहीत नाही. हेडफोन लावले की निदान शेरे तरी ऐकू येत नाहीत.” रस्त्याचा आवाज सर्वांना सारखा नसतो, हे मला माझ्या साठीत एका मुलीने शिकवले. हेडफोन लावणाऱ्या मुलीला दोष देण्याचा अधिकार कोणालाही नाही. पण तिच्या उत्तरातूनच पुढचा प्रश्न निघतो. शेरे मारणारा तेथेच आहे. एकीने कान झाकले, दुसरीनेही झाकले, आणि त्याला मात्र कोणी जाब विचारला नाही. ही गोष्ट ऐकून घेण्याची आणि त्या कोपऱ्यावर दहा जणांनी जाऊन उभे राहण्याची जबाबदारी संघटनेची आहे. आपण तिला त्याऐवजी अधिक मधुर संगीत देऊ करणे म्हणजे त्या जबाबदारीतून अंग काढून घेणे होय.

एकट्याने ऐकण्याचा संकोच एके काळी उत्पादकालाही वाटला होता. सोनी कंपनीचा पहिला वॉकमन १९७९ मध्ये आला तेव्हा त्याला दोन हेडफोनांची सोय होती, आणि संगीत मंद करून एकमेकांशी बोलता यावे म्हणून एक बटणही होते. पुढील मॉडेलमधून ते बटण गेले. त्याची उणीव भासली नाही, याचे मला अधिक वाईट वाटते.

मग चालणे आणि संगीत यांचा मेळ घालूच नये काय? तो घालण्यात आपल्याइतका कसलेला समाज क्वचितच आढळेल. १२ मार्च १९३० रोजी गांधीजी साबरमतीहून दांडीस निघाले तेव्हा त्यांच्यासोबतच्या सत्याग्रहींत पंडित नारायण मोरेश्वर खरे हे मराठी गायक होते. सुमारे ३८५ किलोमीटरच्या त्या वाटेवर त्यांची भजने सर्वांच्या कानी पडली आणि सर्वांच्या मुखी गेली. प्रभातफेरीची रीतही हीच : गाणारा आणि ऐकणारा असा भेद नाही, आणि खिडकीत उभी असलेली बाईही फेरीत सामील होते.

वारीचे उदाहरण तर अधिक बोलके आहे. माउलींच्या पालखीचा मुक्काम पडला की संध्याकाळी तळावर समाजआरतीसाठी दिंड्या जमतात. टाळमृदंगाचा गजर चाललेला असतो. चोपदार दंड उंच करतो आणि हजारोंचा तो गजर थांबतो. एखाद्या दिंडीचे काही गाऱ्हाणे असेल तर ती दिंडी मात्र टाळ वाजवीतच राहते. चोपदाराने तिच्याकडे जावयाचे, तक्रार ऐकून घ्यावयाची, तिची दाद लावावयाची, मगच तो टाळ थांबतो. तक्रारीचा अर्ज नाही, खिडकी नाही. सर्वांच्या शांततेत एका दिंडीचा टाळ ऐकू येतो, एवढ्यावर व्यवस्था चालते. वारी ही आदर्श समाजाची प्रतिकृती आहे असे माझे म्हणणे नाही. ज्या विठ्ठलाकडे ती जाते त्याच्या मंदिराचे दार अस्पृश्यांसाठी उघडावे म्हणून साने गुरुजींना १९४७ च्या मे महिन्यात उपोषण करावे लागले, हे आपण विसरू शकत नाही. परंतु गाऱ्हाण्याचा टाळ ऐकू यावा यासाठी बाकीच्यांनी शांत व्हावे आणि सर्वांचे कान उघडे असावेत, ही लोकशाहीची रीत त्या वाटेवरच्या साध्या माणसांनी घडविली. प्रत्येकाच्या कानात निरनिराळा गजर वाजत असता तर चोपदाराचा दंड कोणी पाहिला असता, आणि त्या एका दिंडीचा टाळ कोणी ऐकला असता?

म्हणून माझी प्रतिसूचना अशी. हेंद्रेपाड्यातून श्रवणफेरी अवश्य निघावी, परंतु ती उघड्या कानांची असावी. पहाटे, दुपारी, दिवेलागणीला आणि रात्री दहानंतर अशा चार वेळी दहा-पंधरा जणांनी एकाच मार्गाने, न बोलता चालावे. त्यात निम्म्या तरी स्त्रिया असाव्यात आणि मार्ग त्यांनी ठरवावा. जे ऐकू आले ते वहीत लिहावे : आवाज कोणाचा, कोठे, किती वाजता, आणि तो कोणाला सोसावा लागतो. फोन घरी ठेवण्याची गरज नाही. त्यावरील ध्वनिमापक आकडा न्यायालयात पुरावा म्हणून टिकणारा नसला तरी दिशादर्शक म्हणून उपयोगी आहे. चार आठवड्यांच्या नोंदींतून वस्तीचा एक हाताने काढलेला ध्वनिनकाशा तयार होईल. तो चौकात लावावा आणि त्याच्या आधारे नगरपालिकेकडे व पोलिसांकडे नेमक्या मागण्या कराव्यात : शांतता क्षेत्रांच्या पाट्या, चालण्यायोग्य पदपथ, अधिकृत ध्वनिमापन, आणि ज्या कोपऱ्यावर मुलींना कान झाकावेसे वाटतात त्या कोपऱ्यावर दिवा व गस्त.

त्याचबरोबर पाववाला, भाजीवाल्या मावशी, पूर पाहिलेली जुनी माणसे, पहाटेच्या लोकलने जाणारे कामगार यांचे आवाज आपल्या तरुण साथींनी अवश्य मुद्रित करावेत. त्यांच्या संमतीने, त्यांच्या नावाने. ते वाचनालयात ठेवावेत आणि कोपरासभेत, नियमात बसेल एवढ्याच आवाजात, सर्वांना एकत्र ऐकवावेत. पुढे कोणास त्यांचे अ‍ॅप करावेसे वाटले तर माझा विरोध राहणार नाही, मात्र अटी तीन : त्याची संहिता खुली असावी, चालणाऱ्याच्या ठावठिकाण्याची नोंद कोठेही साठू नये, आणि एक कान मोकळा ठेवूनच ते ऐकावे अशी त्याची रचना असावी. नमुना तयार करणाऱ्या त्या कार्यकर्तीचे कौशल्य या कामी लागले तर ते कारणी लागेल.

पहिल्या फेरीत चालण्याचे मी कबूल केले आहे. भाजीवाल्या मावशींना विचारले, तर त्या म्हणाल्या, “मी रोज इथेच ऐकत बसलेली असते, वहीत काय लिहायचे ते मला विचारा.” आमच्या अभ्यासमंडळाने कामाला आरंभ तेथूनच करावा, असे मला वाटते.